डेंग्यूचा माग: आधी तारीख, मग पत्ता, नकाशा शेवटी

मुंबईसारख्या शहरात साथरोगांच्या कामात शिरणारे बरेचजण आधी नकाशाच्या मागे लागतात. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, थोड्या सरावाने हातही बसतो. कस लागतो तो लाइन लिस्टमध्ये, म्हणजे एका रुग्णाला एक ओळ असलेल्या साध्या यादीत. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, करत असतानाच ती भरायला शिका.

सर्वांत मोलाचा रकाना ताप सुरू झाल्याच्या तारखेचा. रिपोर्टच्या तारखेने आलेख काढला, तर रविवारी खड्डा आणि सोमवारी उंचवटा दिसतो. तो प्रयोगशाळेच्या सुट्टीचा, साथीचा नव्हे. शिवाय रक्त, रिपोर्ट, कळवणं यात दिवस जातात, त्यामुळे आलेखाचं शेवटचं टोक नेहमीच खाली झुकतं. तेवढ्यावरून ‘साथ ओसरली’ असं कधीही लिहू नका.

चाचणीही याच तारखेशी ताडून पाहा. एनएस१ (रक्तातलं विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी) तापाच्या पहिल्या पाच दिवसांत भरवशाची, पुढे आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). आठव्या दिवशीच्या रक्तात एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून रुग्ण वगळायचा नाही. कार्ड टेस्ट (झटपट होणारी) आणि एलायझा (प्रयोगशाळेत होणारी) यांचे रकाने वेगळे ठेवा.

‘धारावी, मुंबई १७’ एवढ्या पत्त्यावर कुणी पोचत नाही. खोली, चाळ, गल्ली, जवळची खूण आणि लागणारा फोन हवा. आधारवरचा पत्ता कित्येकदा गावचा असतो.

घरही पुरेसं नाही, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. म्हणून आधीच्या दोन आठवड्यांत रुग्ण दिवसा कुठे होता ते विचारा. पाच वस्त्यांतले पाच ठिपके विखुरलेले दिसतात, आणि पाचहीजण एकाच बांधकामावर कामाला असतात.

फोनवर आधी तब्येत विचारा. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण डेंग्यूत धोका तेव्हाच वाढतो. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही असेल तर यादी राहू द्या, आधी रुग्णालयात पाठवा.

घरांच्या पाहणीत ब्रेटो निर्देशांक काढतात: १०० घरांमागे अळ्या सापडलेली भांडी. २०० घरांत १८ पिंपं-ताटल्या सापडल्या तर निर्देशांक ९. यातली ८० घरं कुलूपबंद असून ‘पाहिली’ म्हणून धरली असतील, तर खरा आकडा १५ होतो. बंद घरं वेगळी लिहा आणि संध्याकाळी माणसं परतल्यावर पुन्हा जा.