यादी भागापासून नमुना १७-सीपर्यंत: एका मतदान केंद्राची राखण कशी करावी

निवडणूक स्वच्छ व्हावी म्हणून काहीतरी करावे, असे वाटणाऱ्या माणसांची आपल्याकडे वानवा नाही; परंतु ही इच्छा बहुधा मतदानाच्या आठवड्यात जागी होते, आणि तोवर करण्यासारखे निम्म्याहून अधिक काम हातातून निसटलेले असते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २३ नुसार उमेदवारी अर्ज दाखल करण्याची शेवटची तारीख उलटली की मतदारयादीत नाव घालता येत नाही आणि काढताही येत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर जो संताप दिसतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा काही महिन्यांपूर्वी कोणीच न वाचलेल्या प्रारूप यादीत असते. म्हणून स्वयंसेवकांनी आपल्या कामाचा मोठा वाटा यादीला द्यावा, उरलेला मतदानाच्या दिवशी तयार होणाऱ्या कागदांना द्यावा आणि घोषणा व फलक यांत वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामाचा आवाका लहान ठेवावा. संपूर्ण मतदारसंघ हाती घेणारे गट दोन आठवड्यांत विस्कटतात. एक यादी भाग, म्हणजे एका मतदान केंद्राची यादी, साधारण हजार-बाराशे नावांची असते, आणि त्याच वस्तीत राहणारी चार-पाच माणसे संध्याकाळच्या वेळात ती घरोघर फिरून तपासू शकतात. आपण पक्षाचे आहोत की तटस्थ, हे मात्र आरंभीच ठरवावे. मान्यताप्राप्त पक्षाला प्रत्येक केंद्रासाठी मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधी नेमता येतो आणि त्याला यादीच्या कामात अधिकृत स्थान असते. तटस्थ नागरिकाला ते नसते, पण मतदार म्हणून अर्ज, हरकत आणि अपील करण्याचा हक्क त्यालाही आहे. दोन्ही मार्ग सचोटीचे आहेत. तटस्थतेचा बिल्ला लावून एखाद्याच उमेदवाराच्या विरोधकांची नावे शोधत फिरणे मात्र सचोटीचे नाही, आणि ते वस्तीत चार दिवसांत ओळखले जाते.

यादी वाचणे

मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या यादी भागाची प्रत उतरवून ती छापून घ्यावी, कारण मोबाइलच्या पडद्यावर यादी तपासणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे. एका पानावर तीस चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, ओळखपत्र क्रमांक, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग एवढा मजकूर असतो. बहुतेक लोक आपले नाव पाहून यादी मिटतात. खरे वाचायचे असते ते शेवटच्या पानांवरील पुरवणीत, जिथे नव्याने आलेली आणि वगळलेली नावे दिलेली असतात. वगळलेल्या नावापुढे कारणाचे इंग्रजी अक्षर असते: ई म्हणजे मृत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार, एम म्हणजे आढळला नाही आणि क्यू म्हणजे अपात्र. एस आणि एम ही अक्षरे लागलेल्या घरी आधी जावे, कारण चुका सर्वाधिक तिथे सापडतात.

घरोघर फिरताना नोंदी चारच प्रकारच्या ठेवाव्यात: मतदार येथे राहतो, दुसरीकडे गेला, मरण पावला, आणि राहतो पण यादीत नाही. जात, धर्म, कोणाला मत देणार आणि मोबाइल क्रमांक यांपैकी काहीही लिहू नये; ही माहिती आपल्याला लागत नाही आणि ती चुकीच्या हाती पडली तर तिचा वापर नेमका आपण ज्याला विरोध करतो त्यासाठीच होतो. भरलेल्या याद्या व्हॉट्सअॅप गटांवर टाकण्याचा मोहही आवरावा.

संशयास्पद दिसणारी प्रत्येक नोंद बोगस नसते. घर क्रमांकाच्या जागी शून्य किंवा आडवी रेघ असली, की लगेच छायाचित्र काढून गवगवा करण्याची पद्धत पडली आहे. परंतु गावठाणात आणि झोपडपट्टीत अनेक घरांना क्रमांकच नसतात, आणि एकाच क्रमांकावर पन्नास नावे दिसली तर ते वसतिगृह किंवा जुनी चाळही असू शकते. प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये. दुबार नावांचेही तसेच आहे. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलीसाठी घरचे लोक नमुना ६ भरतात, जो नव्या मतदाराचा अर्ज आहे, आणि माहेरचे नाव तसेच राहते. पत्ता बदलण्यासाठी, तपशील दुरुस्त करण्यासाठी आणि ओळखपत्राची नवी प्रत मिळवण्यासाठी नमुना ८ आहे. स्थलांतरात तोच भरला की दुबार नोंद मुळातच होत नाही. एकट्या या गोष्टीची माहिती वस्तीत नीट पसरवली, तरी यादी पुष्कळ स्वच्छ होते.

दोन समूहांकडे महाराष्ट्रात विशेष लक्ष द्यावे लागते. पहिला ऊसतोड कामगारांचा. बीडसारख्या जिल्ह्यांतील कुटुंबे गाळप हंगाम सुरू झाला की कोयते घेऊन बाहेर पडतात ती उन्हाळ्यातच परततात, आणि त्या काळात तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्याला घराला कुलूप दिसते. मात्र तात्पुरत्या गैरहजेरीमुळे सर्वसाधारण निवास संपत नाही, असे १९५० च्या अधिनियमाच्या कलम २० मध्येच म्हटले आहे. ते कलम छापून जवळ ठेवावे आणि अशा घरांची यादी बीएलओंना, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना, लेखी द्यावी. दुसरा समूह मुंबईतील पुनर्विकासात चाळ पाडली गेलेल्या रहिवाशांचा, जे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात विखुरलेले असतात आणि ज्यांच्या जुन्या पत्त्यावर आता पत्र्याचे कुंपण असते. त्यांना सोसायटीच्या समितीमार्फत गाठून नव्या पत्त्यासाठी नमुना ८ भरायला सांगावे.

बीएलओ बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात आणि स्वतःचे काम सांभाळून ही जबाबदारी उचलतात. त्यांच्यावर डाफरून काही साधत नाही. तपासलेली नावे यादीच्याच क्रमाने, अनुक्रमांकासह लिहून दिली तर त्यांचे काम हलके होते, आणि पुढच्या वेळी त्या स्वतःच फोन करतात. मात्र दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी, आणि ऑनलाइन अर्ज असेल तर त्याचा संदर्भ क्रमांक वहीत लिहून ठेवावा. अठरा वर्षे पूर्ण होण्यासाठी आता वर्षातून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, हे महाविद्यालयांत आवर्जून सांगावे.

नमुना ७ वर नजर

नाव वगळण्यासाठीचा किंवा नोंदीवर हरकत घेण्याचा अर्ज म्हणजे नमुना ७. स्वयंसेवकांनी हे अर्ज गठ्ठ्याने भरू नयेत, असा नियमच गटाने करावा. मृताच्या बाबतीत घरच्यांना दाखला जोडून अर्ज भरायला मदत करावी आणि तिथेच थांबावे. खोटे प्रतिज्ञापन केल्यास १९५० च्याच अधिनियमाच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे प्रत्येकाला ठाऊक असावे.

आपले खरे काम पहाऱ्याचे. आलेल्या हरकतींची यादी मतदार नोंदणी अधिकारी नमुना १० मध्ये प्रसिद्ध करतात. ती दर आठवड्याला पाहून आपल्या भागातील नावे वेगळी काढावीत, आणि जो मतदार जिवंत आहे व तिथेच राहतो, त्याच्या घरी त्याच दिवशी जाऊन सुनावणीला निवासाचा पुरावा घेऊन हजर राहण्यास सांगावे. तरीही नाव वगळले गेले तर कलम २४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत अपील करता येते आणि दुसरे अपील मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे जाते. वगळलेल्या नावांची कारणासह यादी मागण्यात संकोच करू नये. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे आली नाहीत, तेव्हा ती नावे कारणांसह प्रसिद्ध करावीत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी दिला होता.

महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे तिथे काही गोष्टी बदलतात. विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडली जाते, आणि त्या टप्प्यावर नवे नाव घालता येत नाही; चुकीच्या प्रभागात गेलेले नाव मात्र हरकत घेऊन परत आणता येते. प्रभागाच्या सीमेवरील गल्ल्या त्या आठवड्यात तपासाव्यात.

प्रचाराचे दिवस

या काळात स्वयंसेवकांच्या कानावर सर्वाधिक येते ते लक्ष्मीदर्शन. पैसे वाटणाऱ्याला अडवणे, गाडी रोखणे किंवा घरात शिरणे हे आपले काम नाही. त्यातून मारामारी होते आणि पुरावा नाहीसा होतो. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या अॅपवर जागेवरच काढलेले छायाचित्र किंवा चित्रफीत टाकावी, नाव गुप्त ठेवण्याची सोय वापरावी आणि भरारी पथकाची वाट पाहावी. तक्रारीवर १०० मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. मोबाइलच्या संग्रहातील जुने छायाचित्र अॅप घेत नाही, म्हणून ऐकीव गोष्टींसाठी १९५० या क्रमांकावर फोन करावा. ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदानासाठी नमुना १२-डी भरता येतो, पण त्याची मुदत अधिसूचनेनंतर पाचच दिवस असते, त्यामुळे ही घरे आधीच हेरून ठेवावीत.

मतदानाचा दिवस

तटस्थ स्वयंसेवकाला मतदान केंद्रात थांबता येत नाही. आत बसायचे तर उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी व्हावे लागते, त्यासाठी नमुना १० मधील नेमणूकपत्र लागते (हा नमुना निवडणूक संचालन नियमांतील आहे, वरील हरकतींच्या यादीचा नव्हे), आणि शासकीय कर्मचाऱ्याला हे काम करता येत नाही. अनेक लहान पक्षांना आणि अपक्षांना सर्व केंद्रांवर माणसे मिळत नाहीत, त्यामुळे संधी असते. पण मग आपण त्या उमेदवाराचे प्रतिनिधी आहोत हे उघडपणे सांगावे.

प्रतिनिधीने मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटे आधी, म्हणजे सातला मतदान असेल तर साडेपाचला, केंद्रावर असलेच पाहिजे, कारण अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, तेव्हा होते. उशिरा येणाऱ्यांसाठी केंद्राध्यक्ष पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबत नाहीत. यंत्रात शून्य मते आहेत हे पाहावे. नोटासह प्रत्येक बटणावर मिळून किमान ५० मते पडतात. कंट्रोल युनिटवरील, म्हणजे मते साठवणाऱ्या यंत्रावरील, निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या उमेदवारनिहाय जुळवून घ्याव्यात. त्यानंतर क्लिअरचे बटण दाबले गेले का, आणि चिठ्ठ्या पेटीतून काढून काळ्या लिफाफ्यात मोहोरबंद झाल्या का, या दोन गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. क्लिअर करायचे राहिले तर चाचणीची मते खऱ्या मतांत मिसळतात, आणि मतमोजणीच्या दिवशी त्यातून जो गोंधळ उडतो, त्याला कोणीही गैरप्रकार समजू शकतो. कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि हिरव्या कागदी मोहोरेचा क्रमांक लिहून घेऊन मगच सही करावी.

दिवसभरात अधूनमधून मतदार नोंदवहीतील, म्हणजे नमुना १७-ए मधील, संख्या आणि यंत्रावरील एकूण मते सारखी आहेत का हे केंद्राध्यक्षांना विचारावे. एखाद्याच्या नावावर आधीच मत पडले असेल तर त्याला हात हलवत परत जाऊ देऊ नये. ओळख पटवल्यावर नियम ४९-पी खाली त्याला मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येते. ते मत एरवी मोजले जात नाही, पण बोगस मतदानाची अधिकृत नोंद नमुना १७-बी मध्ये राहते आणि न्यायालयात तीच उपयोगी पडते. समोरच्या मतदाराच्या ओळखीबद्दल खरीच शंका असेल तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. विशिष्ट वस्तीतील मतदारांना ताटकळत ठेवण्यासाठी हे हत्यार वापरणारे प्रतिनिधी सर्वच पक्षांत भेटतात. आपण त्यांत मोडू नये. बुरखा किंवा पदर असलेल्या महिलेची ओळख तपासणे हे फक्त मतदान कर्मचाऱ्यांचे, आणि तेही महिला कर्मचाऱ्याचे काम आहे.

बाहेर थांबणाऱ्यांनी १०० मीटरच्या आत प्रचाराचा शब्दही काढू नये. यादीत नाव शोधून कोऱ्या कागदावर भाग क्रमांक व अनुक्रमांक लिहून देणे, ज्येष्ठांना रांगेत पुढे जागा मिळवून देणे, आणि मतदार ओळखपत्र नसले तरी यादीत नाव असल्यास आधार, पॅन, पारपत्र यांसारख्या मान्य कागदपत्रांवर मत देता येते हे सांगणे, एवढ्यानेही अनेकांची परत फेरी वाचते. मतदानाची वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी मिळते आणि ती शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतात. हे ठाऊक नसल्याने कंटाळून घरी निघालेल्यांना थोपवावे.

संध्याकाळचा कागद

नमुना १७-सी म्हणजे त्या केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांचा हिशेब. त्याची खरी प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला देणे नियम ४९-एस नुसार केंद्राध्यक्षांवर बंधनकारक आहे. पण साडेपाचला चहासाठी म्हणून बाहेर पडून घरी गेलेल्या प्रतिनिधीला ती कोण देणार? २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सायंकाळी पाचचा ५८.२२ टक्के हा अंदाजित आकडा आणि ६६.०५ टक्के हा अंतिम आकडा यांवरून राज्यभर वाद झाला. त्यानंतर डिसेंबरात माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी मतपत्रिकेवर स्वतःच चाचणी मतदान घेण्याचे ठरवले आणि प्रशासनाच्या विरोधामुळे ते रद्द करावे लागले. त्यांची शंका रास्त होती की नव्हती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी नंतर घेतलेले मतदान आधीच्या मतदानाचा पुरावा होऊ शकत नाही, तर त्याच संध्याकाळी केंद्राध्यक्षांनी सही केलेली प्रत होऊ शकते. ती एकूण मते किती पडली हे सांगते, कोणाला पडली हे सांगत नाही, हेही ध्यानात असावे.

मतमोजणीच्या टेबलावर बसणाऱ्या प्रतिनिधीच्या हाती या प्रती केंद्र क्रमांकानुसार लावून द्याव्यात, म्हणजे यंत्र समोर येताच त्याचा क्रमांक, मोहोर आणि एकूण मते ताडून पाहता येतात. फरक आढळल्यास निकालाची घोषणा होण्यापूर्वीच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्यावी. विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघात चिठ्ठीने निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात. ती निवड होताना आणि मोजणी संपेपर्यंत उठू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानुसार दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवसांची आहे, आणि मतदान केंद्रांवरील चित्रणही आता याचिका दाखल न झाल्यास तेवढेच दिवस ठेवले जाते. म्हणून १७-सी च्या प्रती, पोचपावत्या आणि वही निदान तोवर एकाच व्यक्तीकडे, एकाच पिशवीत ठेवाव्यात, आणि प्रत्येक कागदाचे छायाचित्र दुसऱ्या एकाकडे असावे.