मेक्सिकन पद्धतीचे काळे बीन्स, रश्शासकट

मेक्सिकोच्या उत्तरेत पिंटो बीन्स जास्त खातात. काळे बीन्स मुख्यतः ओआहाका, व्हेराक्रूझ आणि युकातानकडचे. तिथले रोजचे बीन्स म्हणजे ‘फ्रिहोलेस दे ओया’, मडक्यात शिजवलेले. त्यात जिरं-धन्याचा मारा नसतो, ती टेक्सासकडची सवय. चव असते ती काळ्या रश्शाची, म्हणून शिजवलेलं पाणी ओतून द्यायचं नाही.

लागेल ते: २५० ग्रॅम काळे बीन्स (आपल्या राजम्याच्याच जातीचे), अर्धा कांदा न चिरता, ३-४ लसूण पाकळ्या, १ मोठा चमचा डुकराची चरबी किंवा तेल, १ ते दीड छोटा चमचा मीठ, एपाझोतेची (उग्र वासाचा मेक्सिकन पाला) एक काडी. फोडणीला २ मोठे चमचे तेल, अर्धा कांदा बारीक चिरून आणि एक हिरवी मिरची.

बीन्स निवडून धुवा. भिजवले नाहीत तरी चालतं, उलट रस्सा जास्त काळा होतो; फक्त वेळ लागतो. पातेल्यात पावणेदोन लिटर पाणी, बीन्स, न चिरलेला अर्धा कांदा, लसूण, मीठ आणि चरबी घाला. पहिली १० मिनिटं खळखळून उकळू द्या. ही पायरी गाळू नका: कच्च्या बीन्समधलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नीट मरत नाही आणि पोट बिघडतं. मग आच बारीक करून, झाकण थोडं उघडं ठेवून दीड ते अडीच तास शिजवा. पाणी बीन्सच्या दोन बोटं वर राहू द्या; कमी झालं तर उकळतंच घाला.

कुकरमध्ये १ लिटर पाणी पुरे, पण कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, फेस शिट्टीत अडकतो. पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर न भिजवलेल्यांना साधारण ३० मिनिटं, रात्रभर भिजवलेल्यांना १०-१२. वाफ आपोआप जिरू द्या, नाहीतर सालं फुटतात.

तासन् तास शिजवूनही दाणे टणकच? बहुधा बीन्स जुने असतात किंवा पाणी जड, बोअरचं. चिमूटभर खायचा सोडा मदत करतो. जास्त झाला तर साबणासारखी चव येते. मिठाला मात्र उगाच दोष देतात. दाणे टणक ठेवतं ते आंबट, म्हणून टोमॅटो किंवा लिंबू बीन्स पूर्ण मऊ झाल्याशिवाय घालू नका.

एपाझोते शेवटच्या १५-२० मिनिटांत घाला. वास जरा रॉकेलच्या अंगाने जाणारा, त्याला खरा पर्याय नाही. मिळालं नाही तर कोथिंबिरीच्या काड्या घाला, चव वेगळी होईल पण चांगलीच. ओआहाकात अ‍ॅव्होकॅडोची भाजलेली पानं घालतात. ती बडीशेपेच्या वासाच्या मेक्सिकन वाणाची असतात. दारातल्या कुठल्याही झाडाची तोडून वापरू नका.

आता फोडणी. तेलात चिरलेला कांदा कडा तांबूस होईपर्यंत परता, मिरची टाका, त्यावर दोन डाव बीन्स रश्शासकट घालून डावाने ठेचा आणि हे सगळं परत पातेल्यात ओता. १० मिनिटांत रस्सा दाटतो. वाढताना वरून चुरलेलं ताजं चीज (पनीरही चालतं) आणि लिंबू. सोबत मक्याचे तोर्तिया किंवा भात.

उरलेले बीन्स दुसऱ्या दिवशी आणखी घट्ट होतात. तेच चरबीत परतत, थोडा थोडा रस्सा घालत घोटले की ‘रेफ्रितोस’. तवा हलवल्यावर सगळं एका गोळ्यासारखं सुटून सरकलं की आच बंद करा.