कोविड ड्युटी संपली पण मनातून जात नाही? सिस्टर-ब्रदर लोकांनो, हे करून बघा

एप्रिल २०२१ ला मी कोविड आयसीयूत होते. १४ नंबरचे काका बायपॅपवर, म्हणजे घट्ट मास्कमधून श्वास देणाऱ्या मशीनवर, बोलता येत नव्हतं, मी मोबाईल धरला होता आणि ते मुलीला व्हिडिओ कॉलवर नुसता अंगठा दाखवत होते. पहाटे त्यांना बॉडी बॅगेत ठेवून चेन मीच ओढली, रडायला वेळच नव्हता, बेड साफ झाला की पुढची अ‍ॅडमिशन दारात. ते रडू आलं आठ महिन्यांनी, घरी फ्रीजचं दार उघडं राहिलं आणि ते बीप बीप वाजायला लागलं तेव्हा.

म्हणून सांगते, शिफ्ट संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची ओव्हर, म्हणजे सगळी माहिती, देतो ना तशी स्वतःची पण द्यायची, आणि ती घरच्यांना नाही तर त्याच शिफ्टला सोबत असलेल्या माणसाला. किट काढलं, हात धुतले, पाणी प्यालात की दहा मिनिटं बसा आणि बेड नंबरने बोला, काय झालं, मी काय केलं, काय करायचं राहून गेलं. हे राहून गेलेलंच खरं छळतं. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, "अगं विसर आता" तर अजिबात म्हणायचं नाही. एका सिस्टरकडे जेवढे पेशंट द्यायला नकोत तेवढे दिले होते, ऑक्सिजनचं प्रेशर खाली जात होतं, त्यात जे गेले ते तुमच्यामुळे गेले नाहीत, हे एकमेकींना तोंडाने बोलून सांगा, नुसतं माहीत असून भागत नाही.

वर्षं झाली असतील तरी चालेल, तेव्हाच्या पार्टनरला आज फोन करा.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की आल्यावर अर्धा तास काही विचारू नका, चहा द्या बास. लागोपाठ डेथ बघितल्या असतील तर इन्चार्ज सिस्टरकडे दुसरा वॉर्ड मागा, तो कामचुकारपणा नाही. आणि रागाचं पण बोला. २२ मार्च २०२० ला आमच्या बिल्डिंगने थाळ्या वाजवल्या, पुढच्याच महिन्यात मला लिफ्ट वापरू नका म्हणाले, ते मी कितीतरी दिवस कुणाला बोललेच नव्हते.

दोन आठवडे झोप नाही, तोच प्रसंग परत परत डोळ्यासमोर, ड्युटीला निघताना छातीत धडधड, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं, आमच्या वेळी हा नव्हता, २०२२ ला सुरू झाला. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, आत्ताच फोन लावा आणि कुणालातरी जवळ बसवून घ्या.

मी काकांबद्दल पहिल्यांदा बोलले ते माझ्या नाईट पार्टनरशी, फोनवर. ती जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्यांच्या मुलीला सकाळी मी फोन केला होता गं."