हापसा, अडकित्ता, चिमटा: हत्यार धरताना टेकू कसा शोधायचा

जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यात सव्वीस वर्षं हापसे दुरुस्त केले. तिपाई, पाइप पाना आणि 17-19 चा डबल पाना, एवढ्यावर संसार झाला. आता भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. पहार घ्यायला आलेला माणूस आधी ती उचलून बघतो, चांगली जड आहे का म्हणून. मी म्हणतो, वजन नंतर बघ, आधी लांबी बघ.

पहार, पाना, कात्री, चिमटा ही सगळी तरफेची भावंडं. दांडा ज्या जागी टेकून फिरतो तो टेकू, वस्तूचा तो भार, आपल्या हाताचं ते बल. शाळेत तीन प्रकार पाठ करून घेतात: टेकू मध्ये असेल तर पहिला, भार मध्ये असेल तर दुसरा, बल मध्ये असेल तर तिसरा. हत्यार हातात असताना फक्त तीन गोष्टी बघायच्या. टेकू कुठे आहे, टेकूपासून वस्तू किती लांब आहे, आणि टेकूपासून आपला हात किती लांब आहे. हाताच्या अंतराला वस्तूच्या अंतराने भागा. जो आकडा येईल तितक्या पटीने तुमचा जोर वाढतो. आकडा एकापेक्षा कमी आला तर जोर तितका घटतो.

खात्री करायची असेल तर लाकडी फूटपट्टी पेन्सिलीवर आडवी ठेवा, मधोमध 15 च्या खुणेवर. मधापासून 4 सेंटिमीटरवर रुपयाची तीन नाणी ठेवा आणि दुसऱ्या बाजूला 12 सेंटिमीटरवर तसंच एक. पट्टी तोलून राहते. तीन चोक बारा, एक बारे बारा.

आता हापसा. आमच्या जिल्ह्याला यातला थोडा मान घ्यायचा हक्क आहे. पूर्वी बोअरवर बिडाचे पंप बसवायचे. ते एका घराच्या वापरासाठी बनवलेले, आणि इथे अख्खं गाव रांगेत उभं! महिना-दोन महिन्यांत सांधे ढिले व्हायचे. जालन्यातल्या मिशनच्या लोकांनी पोलादी पंप घडवला, तो जालना पंप. पुढे सोलापूर पंप आला, आणि त्याच्याच धर्तीवर 1970च्या दशकात इंडिया मार्क 2. आज गावोगावी दिसतो तो हाच.

त्याचा दांडा म्हणजे पहिल्या प्रकारची तरफ. मध्ये आस, तोच टेकू. आत साखळीला टांगलेल्या सळ्या, त्यांच्या टोकाला खाली सिलिंडरमधला दट्ट्या. बाहेर आपला हात. हाताकडची बाजू आतल्या बाजूच्या आठपट. सिलिंडर अडीच इंची असतो. पाणी 25 मीटरवर असेल तर दट्ट्यावर जवळजवळ 80 किलो पाण्याचा भार येतो. आठाने भागा: दांड्याच्या टोकाला 10 किलो. म्हणून दहा वर्षांची पोरगीसुद्धा घागर भरते. सळ्यांचं वजन वेगळं, पण दांडा मुद्दाम भरीव लोखंडाचा केलेला असतो, तो आपल्या वजनाने त्यातलं बरंच तोलून धरतो. फुकट मात्र काही मिळत नाही. आत दट्ट्या 125 मिलिमीटर उचलायचा तर बाहेर हात मीटरभर खाली न्यावा लागतो.

एका गावातून तक्रार आली, हापसा जाम झालाय. गेलो तर वरून सगळं ठीक. मग दांड्याकडे लक्ष गेलं. शेजारच्याने कंपाउंड बांधलं होतं, दांडा भिंतीला लागायचा, म्हणून वेल्डरकडून पाव हिस्सा कापून टाकलेला. आठाचे सहा झाले. दहा किलोचे तेरा झाले, आणि तोल धरणारं लोखंड गेलं ते वेगळंच. तेव्हा हापसताना अगदी टोकाला धरा. घाईत लोक मध्येच धरतात आणि पंपाला शिव्या घालतात.

लांबी वाढवण्यालाही हद्द आहे, ती मला महागात पडली. पंपाच्या फ्लँजचा, म्हणजे जोडाच्या पट्टीचा, 12 मिलिमीटरचा बोल्ट गंजून बसलेला. पान्यावर पाइप चढवला, लांबी तिप्पट केली आणि दोघांनी झोका घेतला. बोल्टचं डोकं तुटलं, माझी बोटं ओट्यावर सोलली गेली, आणि गाव दोन दिवस बिनपाण्याचं राहिलं. बायांनी काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पाना ठरावीक लांबीचा असतो तो बोल्टचा विचार करूनच. गंजलेल्या बोल्टवर आधी रॉकेल सोडायचं, तासभर थांबायचं, मग हात घालायचा.

पहिल्या प्रकारातलंच दुसरं भावंड म्हणजे तराजू. बाजू सारख्या असल्या तर खरा. एक 20 सेंटिमीटर आणि दुसरी 19 असली, आणि मालाचं पारडं लांब बाजूला असलं, तर किलोच्या मापाला 950 ग्रॅमच माल येतो. आखूड बाजूचं पारडं थोडं जड केलं की रिकामा काटा सरळ दिसतो. शंका आली तर माल आणि मापं यांची पारडी अदलाबदल करायला सांगा. काटा मारलेला असेल तर तिथेच कळतं.

दुसरा प्रकार बघायचा तर अडकित्ता घ्या. खिळा एका टोकाला, मूठ दुसऱ्या, सुपारी मध्ये. आईचे हात दुखायला लागले तेव्हा तिने सुपारी सोडायच्या गोष्टी सुरू केल्या. मी बघितलं, ती सुपारी पात्याच्या मधोमध धरायची, खिळ्यापासून 5 सेंटिमीटरवर. मूठ 14 वर. म्हणजे तिप्पटही नाही.

"आई, सुपारी खिळ्याकडे सरकव."

"साठ वर्षं झाली कातरतेय, आता तू शिकवणार?"

सरकवली मात्र. 2 सेंटिमीटरवर आली, सातपट झाली, एका दाबात फुटली. "सुपारीच भिजट होती," म्हणाली. लिंबू पिळणीचंही हेच, लिंबू बिजागरीच्या जितकं जवळ बसेल तितकं बरं.

गंमत म्हणजे पहार दोन्ही प्रकारांत चालते. दगडाखाली टोक घालून मागे छोटा धोंडा टेकू म्हणून ठेवला आणि मूठ खाली दाबली तर पहिला प्रकार. टोकच जमिनीत रोवून मूठ वर उचलली तर टेकू टोकाला गेला, दगड मध्ये आला, दुसरा प्रकार झाला. मी पहिलाच पसंत करतो. खाली दाबताना अंगाचं वजन मदतीला येतं, वर उचलताना कंबर जाते. फक्त धोंडा दगडाला जमेल तितका चिकटून ठेवा. लोक सोयीसाठी तो मागे ठेवतात आणि मग आणखी माणूस बोलावतात.

तिसऱ्या प्रकारात जोर घटतो. पोळी फुलवायचा चिमटा, झाडू, फावडं सगळे इथले. चिमट्याचा टेकू मागच्या वाकात, बोटं मध्ये, पोळी टोकाला. जोर कमी पडतो, पण बोटं जाळापासून लांब राहतात आणि थोड्या हालचालीत टोक खूप फिरतं. कढई उचलायला चिमटा वापरू नका, तिथे सांडशीच घ्या. तिचा खिळा मध्ये असतो आणि मुठी जबड्यापेक्षा लांब. आपला हातही तिसऱ्यातलाच. कोपर टेकू, दंडाचा स्नायू त्याच्यापुढे चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला, वजन पंज्यात 35 सेंटिमीटरच्या आसपास. कोपर काटकोनात ठेवून पाच किलोची पिशवी धरली तर स्नायूला 35-40 किलोची ओढ लागते. म्हणून पिशवी कोपराच्या खाचेत अडकवली की हलकी वाटते.

पोरांना शिकवायचं असेल तर नेलकटर द्या. वरचा दांडा दुसऱ्या प्रकारचा, खालचे दोन जबडे तिसऱ्या प्रकारचे: मागे रिव्हेट, मध्ये दाब, टोकाला नख. दांडा फिरवून काढला की दोन्ही वेगळे दिसतात. मधला छोटा खिळा तेवढा सांभाळा, तो फरशीवर पडला की सापडत नाही.