सिम्युलेशन बेसबॉलमध्ये रिलीफ पिचर वापरताना या चुका टाळा

२९ जानेवारी २०१७. जामठ्याच्या मैदानावर इंग्लंडला शेवटच्या ओव्हरमध्ये ८ धावा हव्या होत्या. बुमराहने २ दिल्या आणि भारत ५ धावांनी जिंकला. चांगला बॉलर शेवटासाठी राखून ठेवायचा, हे आम्हा नागपूरकरांना वेगळं शिकवावं लागत नाही. पण कॉम्प्युटरवर बेसबॉलची टीम चालवायला बसलो की हीच सवय नडते.

धरमपेठेत एका मित्राच्या घरी रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ खेळतो. दोन सीझनमधले माझे हरलेले सामने परत उघडून पाहिले, तर निम्म्याहून जास्त सामने बुलपेनने, म्हणजे सुरुवातीच्या पिचरची (बॉल टाकणाऱ्याची) जागा घ्यायला मध्येच येणाऱ्या रिलीफ पिचर्सच्या ताफ्याने घालवलेले. पिचर वाईट नव्हते. मी त्यांना चुकीच्या वेळी आणत होतो.

क्लोजरला नवव्या इनिंगसाठी जपून ठेवणं

क्लोजर म्हणजे शेवटची, नववी इनिंग टाकायला राखून ठेवलेला सर्वात चांगला रिलीव्हर. सर्वात महाग पडणारी चूक हीच. नवतपाचे दिवस होते, कूलर खोलीभर घरघरत होता. सातवी इनिंग, मी ४-३ ने पुढे, एक आउट, तिन्ही बेस भरलेले आणि त्यांचा तिसऱ्या नंबरचा बॅटर समोर. माझ्या क्लोजरने दोन दिवस एकही बॉल टाकला नव्हता. तरी मी एक साधा मिडल रिलीव्हर आणला, कारण ‘क्लोजर नवव्यात’ हे डोक्यात पक्कं होतं. दुसऱ्याच बॉलवर लेफ्ट आणि सेंटरच्या मधून डबल (दोन बेसचा फटका) गेला, तिघंही घरी. ६-४. मित्राने तर्री पोह्यांची प्लेट खाली ठेवली आणि विचारलं, “काहून बे, त्याले नववीसाठीच ठेवलं होतं का?” सामना तसाच संपला. क्लोजर शेवटपर्यंत बुलपेनमध्येच बसून राहिला.

टी-ट्वेंटीत बॉलरच्या ४ ओव्हर वाटून टाकता येतात, एक ओव्हर देऊन त्याला नंतर परत आणता येतं. बेसबॉलमध्ये मैदानाबाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून हात आखडतो. त्यात सेव्हच्या आकड्याचा मोह. सेव्ह १९६९ पासून अधिकृत आहे, आणि साधारणपणे ३ किंवा त्याहून कमी धावांची आघाडी असताना येऊन शेवटची इनिंग टाकली की तो मिळतो. पण सामना कुठे फिरला, हे तो आकडा सांगत नाही.

खऱ्या मॅनेजरांकडूनही हे घडलं आहे. २०१६ च्या अमेरिकन लीग वाइल्ड कार्ड सामन्यात बाल्टिमोर आणि टोरंटो २-२ वर ११ व्या इनिंगमध्ये पोचले. बाल्टिमोरचा क्लोजर झॅक ब्रिटनने त्या सीझनमध्ये ४७ पैकी ४७ सेव्ह केले होते, ईआरए (दर ९ इनिंगमागे दिलेल्या धावा) ०.५४. तो आलाच नाही. टोरंटोच्या एनकार्नासिओनने तीन धावांचा होमरन मारला आणि बाल्टिमोरचा सीझन संपला. त्याच वर्षी क्लीव्हलँडने अँड्र्यू मिलरला गरज पडेल तसं मधल्या इनिंगमध्येही वापरलं, आणि तो लीग चॅम्पियनशिप सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता मी इनिंगचा नंबर नंतर पाहतो. आधी फरक किती, बेसवर किती जण, समोर कोण. फरक एक-दोन धावांचा, बेसवर दोघं आणि समोर त्यांचे मोठे बॅटर असतील, तर सातव्यातच बेस्ट पिचर येतो. नवव्यात तळाचे बॅटर आले तर दुसऱ्या नंबरचा पिचरही निभावून नेतो. सामने ऑटोवर चालवत असाल तर सर्वात चांगल्या पिचरला क्लोजरऐवजी सेटअपची, म्हणजे क्लोजरच्या आधी येणाऱ्याची, जागा देऊन पाहा.

फक्त ईआरए पाहून निवड

रिलीव्हर थोड्याच इनिंग टाकतो. १२ इनिंग टाकलेल्याचा ईआरए एका ४ धावांच्या वाईट दिवसाने ३ ने वाढतो. शिवाय आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले रनर घरी आले, तर त्या धावा आधीच्याच्या नावावर लागतात. म्हणजे आग विझवायला आलेला पिचर प्रत्येक वेळी तेल ओतत असला, तरी त्याचा आकडा स्वच्छ दिसू शकतो. मी स्ट्राइकआउट (फटका न मारू देता आउट), वॉक (चार वाईट बॉलवर फुकट दिलेला बेस) आणि ग्राउंड बॉल (जमिनीवरून जाणारे फटके) पाहतो. तिसऱ्या बेसवर रनर आणि दोनपेक्षा कमी आउट असतील तर स्ट्राइकआउटवालाच हवा, कारण उंच कॅचवरही धाव निघते. पहिला बेस भरलेला असेल तर ग्राउंड बॉलवाला डबल प्ले, म्हणजे एकाच फटक्यावर दोन आउट, मिळवून देऊ शकतो. माझ्या त्या सातव्या इनिंगला दोघांपैकी कुणीही चाललं असतं.

थकव्याकडे दुर्लक्ष

“बॉल जोरात जातोय पण मार पडतोय” अशी तक्रार आमच्याकडे नेहमी ऐकू येते. तेव्हा आधी मागचे तीन दिवस तपासा. सलग तिसऱ्या दिवशी आलेला पिचर नावाने तोच असतो, ताकदीने नसतो. वॉर्मअपला उभं करायचं, बसवायचं, परत उभं करायचं, यातही हात खर्च होतो. ५ धावांनी पुढे असताना चांगला पिचर वापरूच नका. अशा दिवसांसाठीच सर्वात खालच्या नंबरचा रिलीव्हर ठेवलेला असतो.

कोणत्या वर्षाचे नियम?

एका डावखुऱ्या बॅटरपुरता डावखुरा पिचर आणायची युक्ती जुन्या सीझनमध्ये चालते. २०२० पासून मेजर लीगमध्ये पिचरला किमान तीन बॅटर खेळवावे लागतात, किंवा ती अर्धी इनिंग संपवावी लागते. त्यामुळे डावखुऱ्यामागे येणारे दोन उजवे कोण आहेत, ते आधी पाहा.

त्याच वर्षापासून नियमित सीझनमध्ये १० व्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर रनर ठेवूनच खेळ सुरू होतो. जुन्या सीझनमध्ये १४-१५ इनिंग चालतील असा, लांब टाकणारा एक पिचर शिल्लक ठेवावा लागतो. नव्या सीझनमध्ये तिथे स्ट्राइकआउट घेणारा लागतो.