पंप फिरतोय पण पाणी येत नाही? बटण दाबायच्या आधी हे करा

रात्रपाळीला फोन येतो, "साहेब पंप चालूय पण पाणी नाही." जाऊन बघावं तर मोटर मस्त फिरतेय, प्रेशर गेजचा काटा शून्यावर झोपलाय, अँपिअर नेहमीपेक्षा बरेच कमी, आणि ग्लँडमधून (शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथल्या पॅकिंगमधून) एक थेंब नाही. अशा वेळी पंप खोलायला धावू नका. बहुतेकदा प्रायमिंग (चालू करण्याआधी पंप पाण्याने भरणं) नीट झालेलं नसतं, म्हणजे पंपाच्या पोटात हवा असते.

एक गोष्ट आधी समजून घ्या, सेंट्रिफ्युगल पंप पाणी ओढत नाही. इंपेलर, म्हणजे आतलं पात्यांचं चाक, पोटातलं पाणी बाहेर फेकतो, मधे दाब कमी होतो आणि मग संपवरची (खालच्या पाण्याच्या टाकीवरची) बाहेरची हवा पाण्याला पाइपातून वर ढकलते. पोटातच हवा असेल तर काय फेकणार? हवा पाण्यापेक्षा साधारण 800 पट हलकी, त्यामुळे 30 मीटर हेडचा (पाणी 30 मीटर उंच चढवणारा) पंप नुसती हवा फिरवून पाणी जेमतेम 4 सेंटिमीटर वर आणेल, आणि आपला संप तर 4 मीटर खाली. तासभर फिरवला तरी सील जळेल, पाणी येणार नाही. शिवाय समुद्रसपाटीला हवा पाण्याला 10.3 मीटरच ढकलू शकते, पुण्याच्या उंचीवर त्यातूनही अर्ध्या मीटरहून जास्त कमी होतं, पाइपातलं घर्षण वगैरे धरून सक्शन लिफ्ट (पाण्यापासून पंपापर्यंतची उंची) 5 मीटरच्या आसपासच ठेवलेली बरी.

आता आपण 20 एचपीचा, खाली संप आणि फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाचा, पाणी परत खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) असलेला, ग्लँड दोरीवाला साधा पाण्याचा पंप धरून चालूया.

पहिलं काम, करंट तोडा. आयसोलेटर (करंट पूर्ण तोडणारा स्विच) ऑफ, कुलूप, टॅग, आणि चावी स्वतःच्या खिशात, हेल्परच्या नाही. मग कपलिंग गार्ड (मोटर आणि पंपाच्या शाफ्टच्या जोडावरचं झाकण) काढून शाफ्ट हाताने फिरवा, मोकळा फिरला पाहिजे, कुठे घासतोय किंवा अडकतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. ऑइल पातळी बघायच्या काचेच्या मध्यापर्यंत हवं. स्ट्रेनर साफ, फाउंडेशन बोल्ट टाइट. बटण दाबायच्या आधी गार्ड परत बसवायचा, "पाच मिनिटांचं तर काम आहे" म्हणून बाजूला ठेवायचा नाही.

मोटर नवीन असेल, रिवाइंड होऊन आली असेल किंवा केबल सोडून परत जोडली असेल तर दिशा तपासल्याशिवाय पुढे जाऊच नका. कपलिंग सोडा, मोटर एकटी क्षणभर चालवून बघा, केसिंगवर (पंपाच्या बाहेरच्या कवचावर) बाण असतो त्याच बाजूला फिरली पाहिजे. उलटी असेल तर करंट तोडून तीनपैकी कुठल्याही दोन फेज आलटून टाकायच्या. कपलिंग न सोडता बघायचा मोह होतो, पण काही पंपांत इंपेलर शाफ्टवर आट्याने बसवलेला असतो, उलटा फिरला की सुटून केसिंगला घासतो. आणि गंमत म्हणजे उलटा फिरणारा पंपसुद्धा थोडं पाणी, थोडं प्रेशर देतो. त्यामुळेच आम्ही एकदा दोन दिवस फूट व्हॉल्व्ह वर काढत आणि खाली सोडत बसलो होतो, चूक निघाली टर्मिनल बॉक्समधे.

आता प्रायमिंग, इथे घाई नको. डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपावरचा) बंद करा, केसिंगच्या माथ्यावरचा एअर कॉक उघडा आणि फनेलमधून पाणी ओतायला लागा. किती लागेल त्याचा अंदाज आधीच करा, 100 मिलिमीटरच्या पाइपात मीटरला जवळपास 8 लिटर मावतं, म्हणजे रिकाम्या 6 मीटर पाइपालाच 48 लिटर, वर केसिंग वेगळं. एका बादलीत पंप भरला असं कोणी सांगितलं तर आत हवेचा फुगा अडकून पाणी कॉकमधून उलटं आलंय असं समजा. कॉकमधून आधी फुसफुस येते, मग बुडबुड्याचं पांढरट पाणी, मग स्वच्छ सलग धार. धार आली की लगेच कॉक बंद करू नका, शाफ्ट हाताने दोनचार फेरे फिरवा, इंपेलरच्या पात्यांमधे दडून बसलेली हवा सुटते आणि परत बुडबुडे येतात. ते थांबले की फनेलमधल्या पाण्याकडे पाच मिनिटं नुसतं बघत रहा. पातळी खाली गेली तर फूट व्हॉल्व्ह गळतोय. विहिरीवर शेणकाला ओतून फूट व्हॉल्व्हची गळती बुजवायचा जुगाड चालतो, कारखान्यात मेहरबानी करून करू नका, ते सगळं सीलमधे जाऊन बसतं.

टाकी पंपापेक्षा वर असेल तर काम सोपं, सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि कॉकमधून सलग धार येऊ द्यायची. पण अॅसिड, सॉल्व्हंट किंवा उकळतं पाणी असेल तर उघडा कॉक नाही, व्हेंट बंद ड्रेन लाइनलाच जोडलेला हवा.

चालू करताना सक्शन पूर्ण उघडा, डिलिव्हरी बंद. या प्रकारच्या पंपाला डिलिव्हरी बंद असताना सगळ्यात कमी ताकद लागते, मोटरवर लोड येत नाही. अॅक्सियल फ्लो पंपाचं (पाणी शाफ्टच्याच दिशेने ढकलणाऱ्या पंपाचं) बरोबर उलटं असतं, तिथे बंद व्हॉल्व्हवर चालू केलं की ओव्हरलोड ट्रिप, तेव्हा आधी पंप कुठला आहे ते बघा. शेजारी दुसरा पंप त्याच लाइनवर चालू असेल तर आपला शाफ्ट उलटा फिरत नाही ना तेही बघा, एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळत असेल तर फिरतो, आणि उलट्या फिरणाऱ्या पंपाला स्टार्ट देणं म्हणजे शाफ्ट तोडून घेणं.

एअर कॉक बंद, कुलूप काढा, बटण दाबा. स्टार्टर स्टारवरून डेल्टावर (कमी व्होल्टेजवरून पूर्ण व्होल्टेजवर) गेला की गेजचा काटा चढून स्थिर व्हायला हवा, तसा झाला की डिलिव्हरी हळूहळू उघडा, एक डोळा अँपिअरवर, 15 किलोवॅटच्या, म्हणजे आपल्या 20 एचपीच्या मोटरला नेमप्लेटवर साधारण 27 अँपिअर असतात, त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. काटा चढलाच नाही तर बंद करा आणि परत प्रायमिंग. डिलिव्हरी बंद ठेवून गप्पा मारत बसू नका, 6 किलोवॅट ताकद 10 लिटर पाण्यात जिरत असेल तर मिनिटाला 8 अंशांच्या वर तापतं, आठदहा मिनिटांत आत वाफ. आणि फ्लो कमी करायचा तर डिलिव्हरीने, सक्शन व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, नाहीतर खडी भरडल्यासारखा आवाज येतो आणि इंपेलरला खड्डे पडतात.

पहिली पंधरा मिनिटं पंपापाशीच थांबा. ग्लँडमधून मिनिटाला 40 ते 60 थेंब पडले पाहिजेत, थेंब बंद होईपर्यंत नट आवळणारे महाभाग शाफ्ट स्लीव्ह जाळतात. मेकॅनिकल सील असेल तर मात्र धार लागता कामा नये. बंद करताना उलट क्रम, आधी डिलिव्हरी हळू बंद, मग बटण.

दहा मिनिटं चालून पंपाने पाणी देणं सोडलं तर संपची पातळी बघा, भोवरा होऊन हवा जात असेल. तसं नसेल तर सक्शनच्या जॉइंटमधून हवा शिरतेय. तिथून पाणी गळत नाही, हवा आत जाते, म्हणून दिसत नाही. पेट घेणारं काही आसपास नसेल तर पेटवलेली उदबत्ती प्रत्येक फ्लँजजवळ धरा, धूर आत खेचला गेला की जागा सापडली. आमच्याकडे तो धूर शेवटी व्हॅक्यूम गेजच्या आट्यात गेला, कोणीतरी टेफलॉन टेप लावायला विसरलं होतं.