हिल स्ट्रीटवरचं आर्मेनियन चर्च आधी बघा

सिंगापूरला उतरल्यावर पहिल्या रविवारी सगळे मरीना बेला धावतात. जा की, ते काही पळून जात नाही. पण नव्याने आलेल्यांना मी आधी हिल स्ट्रीटला पाठवतो. सिटी हॉल स्टेशनला उतरून थोडं चाललात की लाल-पांढरं जुनं फायर स्टेशन लागतं, त्याला लागूनच सेंट ग्रेगरीचं हे आर्मेनियन चर्च. छत्री घ्याच, ती इथे बाराही महिने लागते.

१८३५ सालचं हे बांधकाम, सिंगापुरातलं सर्वांत जुनं चर्च. बांधलं कुणी? इथल्या डझनभर आर्मेनियन व्यापारी कुटुंबांनी. पैसे कमी पडले तेव्हा जावा आणि हिंदुस्थानातल्या आर्मेनियन लोकांनी हातभार लावला. (मुंबईत फोर्टातही त्यांचं चर्च आहे, आपण त्या गल्लीतून कितीदा गेलो असू!) आराखडा आयरिश वास्तुकार कोलमनचा, वरचा टोकदार मनोरा मात्र नंतर चढवलेला. आत बाकांना वेताची वीण आहे, आजोबांच्या आरामखुर्चीसारखी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या विणीवरून नुसता हात फिरवत बसलो होतो. घरची आठवण यायला तेवढंही पुरतं.

मागच्या आवारातल्या समाधिशिळा चुकवू नका. शहरातली जुनी कब्रस्तानं उठली तेव्हा त्या इथे आणल्या. त्यांतली एक ॲग्नेस जोआकिम या इथल्याच आर्मेनियन बाईची. तिच्या बागेतलं ऑर्किड, व्हँडा मिस जोआकिम, १८९३ मध्ये जगासमोर आलं आणि १९८१ पासून सिंगापूरचं राष्ट्रीय फूल आहे. गंमत म्हणजे 'व्हँडा' हा शब्द संस्कृत 'वंदा'वरून गेलेला, म्हणजे आपलं बांडगूळच! झाडावर झाड उगवलं, एवढाच त्याचा अर्थ.

इथलं जुनं, नावाजलेलं रॅफल्स हॉटेल काढणारे सार्कीज बंधूही आर्मेनियन. आज त्यांचा समाज इथे अगदी थोडका उरलाय, पण चर्च बंद पडलेलं नाही. प्रार्थना होतात, लग्नं लागतात. एखाद्या रविवारी दारात फुलांची कमान दिसली तर आत घुसू नका, बाहेर गवतावर बसा. कुणी हटकत नाही.

आणि हो, 'इथे आपलं कोण आहे' असं घरी फोनवर म्हणत असाल, तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला या. आरतीला टाळ वाजवणारे नेहमी कमीच पडतात.